शिवणी ते बेलोरा, पंधरा मिनिटं

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. अक्षर तर कुत्र्यामांजराचे पाय. चौथीनंतर शाळा सुटली, पुढे हातात पेन आला तो सही करण्यापुरता. हे कोणी वाचणार नाही हे मला माहीत आहे, तरी माफी मागितल्याशिवाय सुरुवात होत नाही. कोणाच्या घरी गेले तरी मी चप्पल काढायच्या आधी "बसत नाही, उभ्याउभ्याच आली" असं म्हणते, तसंच हे.

तोंडाने सांगायचं तर मला जमत नाही. चार माणसं माझ्याकडे बघायला लागली की गोष्टीचा शेवट आधी बाहेर पडतो आणि मग सांगण्यासारखं काही उरत नाही. कागद बघत नाही, म्हणून लिहिते.

अकोल्यात आमच्या गल्लीत आम्ही चौघी एकमेकींना धरून आहोत. सगळ्यांत मोठी आत्या. ती माझी सख्खी आत्या नाही, सगळ्या गल्लीचीच आत्या आहे. लग्नात, महाप्रसादात रोडगे करायची कामं ती घेते आणि मला आणि लहानीला बरोबर नेते. गोवऱ्यांच्या विस्तवावर कणकेचे गोळे भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात घालायचे. धुराने डोळे जातात, पण त्या कामात बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडतं. लहानी म्हणजे माझी धाकटी जाऊ. बारावीपर्यंत शिकलेली, हातात कायम फोन. आणि चौथी खाला. तिची आणि आमची भिंत एक. ती ब्लाउज शिवते, आणि तिचं मशीन बंद पडलं की मला घर सुनं वाटतं.

आत्याची लेक अमरावतीला दिली आहे, बडनेऱ्याच्या बाजूला. तिथून बेलोऱ्याचं विमानतळ जवळ. मुंबईचं विमान सुरू झाल्यापासून आत्याच्या विहिणीला आभाळ ठेंगणं झालं होतं. फोन केला की इकडचं तिकडचं बोलून विमानावर यायची. लेकीचं दुसरं बाळंतपण, म्हणून ते सासरीच झालं. मुलगा झाला. बारशाचं आवतण द्यायला विहिणीने स्वतः फोन केला. आत्याने तो स्पीकरवर टाकला होता, कारण तिला एका कानाने कमी ऐकू येतं. त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"या मंग विहीणबाई बारशाले. आता आमच्याकडे लोक विमानानं येऊन राहिले. तुमच्या अकोल्यातून काय, एस्टीच पाहा लागते!"

आत्याने फोन ठेवला आणि तांदूळ निवडायला घेतले. मग म्हणाली, "आपल्या शिवणीले इमानतळ नाई का वं? माह्या लग्नाच्या आधीपासून हाये. त्यायचं त आता चालू झालं."

"हाये ना," खाला म्हणाली. "मी खुद पायलं, बसमधून जाता जाता. तारेचं कंपाउंड हाये."

"मंग आपल्या अकोल्यातून तिकडं इमान जात असनच."

लहानी हसली नाही. तिने फोन तोंडाजवळ धरला आणि विचारलं, अकोला विमानतळ ते अमरावती विमानतळ किती लांब आहे. फोनमधली बाई शुद्ध मराठीत बोलली. सरळ अंतर सुमारे सत्तर किलोमीटर. विमानाने अंदाजे पंधरा मिनिटं.

पंधरा मिनिटं! तेवढ्या वेळात माझा कुकर होत नाही.

आज कोणी ऐकलं तर हसेल. पण आमचं म्हणणं सरळ होतं. एस्टी स्टँडवरच्या फळ्यावर ज्या गावाला गाडी जाते त्याच गावाचं अंतर आणि वेळ लिहिलेली असते. गाडी जात नाही त्या गावाचं नाव फळ्यावर कशाला राहील? इथे तर अंतर आहे, वेळ आहे, दोन्हीकडे विमानतळ आहे. मग विमान नाही असं कोणाच्या मनात येणार? आणि सत्तर किलोमीटरचं भाडं ते कितीसं? मुंबई लांब, म्हणून मुंबईचं महाग. अमरावती इथंच.

आत्याने तर पुढचंही विचारलं. "बायांले अर्धं तिकीट लागन ना? एस्टीत त लागते."

"इमानात बाईमाणूस अन् मरदमाणूस एकाच भावात जाते, आत्या," खाला म्हणाली.

"हे काई बरोबर नाई," आत्या म्हणाली.

एकटीला विमानात भीती वाटते म्हणून आत्याने आम्हा तिघींना बरोबर धरलं. बारशाला जायचं, विमानाने जायचं, विहिणीच्या दारात रिक्षातून उतरायचं आणि "विमानतळावरून आली" असं मोठ्याने म्हणायचं, एवढा बेत ठरला. विमानाने येतो, हे आत्याने विहिणीला फोनवर सांगूनही टाकलं.

आमच्या नाक्यावर एकाचं मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. रेल्वेचं तिकीट काढून देतो, वीजबिल भरतो. तिशीतला माणूस, बोलायला गोड. त्याने त्याच्या फोनवर बघितलं, त्यालाही तेच दिसलं. सत्तर किलोमीटर, पंधरा मिनिटं. तिकीट मात्र दिसत नव्हतं. तो म्हणाला, "अजून बुकिंग खुललं नसन. आता अमरावती सुरू झालं, म्हणजे हे बी होनच. ॲडव्हान्स द्या, मी वरच्या एजंटकडे नाव लावून ठेवतो. येणं-जाणं धरून एकीचे दोन हजार."

सगळ्यांचे पैसे माझ्याकडे जमा झाले. आत्या म्हणाली होती, "इच्याजवळ ठेवा. हे बोलत नाई, म्हणून खर्च बी करत नाई." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण रात्री उशाखाली ते पैसे ठेवून झोपताना मला ते वाक्य मोठं मानाचं वाटलं. खालाने मशीनला मोटर बसवायला म्हणून साठवले होते त्यातले दिले होते. लहानीने नवऱ्याला न सांगता दिले होते. आत्याने महाप्रसादाच्या मजुरीतले. मी चष्म्यासाठी ठेवले होते ते दिले. आठ हजार. दुसऱ्या दिवशी मी जाऊन ते दुकानदाराच्या हातात ठेवले. पावती मागायची हे मला ठाऊक होतं. पण दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती, आणि त्यांच्यासमोर बोलायला माझं तोंड उघडलं नाही.

बारशाचा दिवस जवळ आला तरी तिकीट काही आलं नाही. विचारलं की तो म्हणायचा, "मोबाइलवर येते, काकू. आजकाल कागद नसते." आदल्या दिवशी म्हणाला, "तुमी सकाळी शिवणीच्या गेटवर पोचा. पोचेपर्यंत येते."

सकाळी त्याचं दुकान बंद होतं. आम्ही म्हटलं, अजून उघडायची वेळ झाली नसेल.

आमचा थाट सांगायलाच हवा. आत्या जांभळ्या काठाच्या साडीत. खालाने बाळासाठी कुंची आणि टोपडं शिवलं होतं, टोपड्याला मोत्यांची झालर. डिंकाच्या लाडवांचा डबा, बाळंतिणीची साडी, सगळं एका गाठोड्यात. विमानात वजन करतात असं लहानीने सांगितलं होतं, म्हणून आम्ही गाठोडं किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून आणलं. आत्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. "पोटात काई नसन त बाहेर काय येईन?" हे तिचं म्हणणं.

ऑटोवाल्याला शिवणी सांगितलं, तेव्हा त्याने तिथल्या शेतकी युनिव्हर्सिटीत काम आहे का विचारलं. आत्या म्हणाली, "इमानतळावर सोड." त्याने आरशातून आमच्याकडे एकदा बघितलं आणि गाडी हाकली. पैसे मात्र नेहमीपेक्षा जास्त घेतले.

गेट बंद होतं. आत लांबच लांब डांबरी पट्टा, बाजूला वाळलेलं गवत, आणि गवतात दोन शेळ्या. एक वयस्क चौकीदार खुर्ची सावलीत ओढत होता. त्याने आम्हाला बघितलं, मग गाठोडं बघितलं.

"कुठी जाता माय?"

"अमरावतीले," आत्या म्हणाली.

"मंग इकडं काहून आल्या? स्टँड त तिकडं राहिला."

"इमानानं जातो."

"कोनाच्या इमानानं?"

"सरकारच्या. अजून कोनाच्या?"

चौकीदाराने खुर्ची खाली ठेवली. "माय, इथं एखाद्या वेळी मंत्र्यायचं इमान उतरते. तुमी कोनत्या खात्याच्या मंत्री होय?"

"अन्नखात्याच्या," आत्या म्हणाली. तिने पापणीही लवू दिली नाही.

चौकीदार हसला, आणि त्याच्या हसण्यावरूनच मला कळलं. बाकीच्यांना कळायला थोडा वेळ लागला. लहानीने फोन काढून त्याला दाखवला. सत्तर किलोमीटर, पंधरा मिनिटं, इथे लिहिलं आहे ना!

"ते बरोबरच हाये," तो म्हणाला. "इथून तिथं एक दोरी ताणली त सत्तर किलोमीटर भरन. अंतर त तुमच्या घरापासून चांदोबापर्यंत बी हाये, पोरी. म्हणून काय तिकीट निघते?"

"म्हणजे विमान जातच नाही?"

"तिकिटाचं इमान इथून जात नाई. होईन, होईन म्हणतात. मी बी वाट पाहून राहिलो."

खाला गाठोड्यावर बसली आणि हसायला लागली. तिचं हसणं असं आहे की आधी आवाज येत नाही, नुसतं अंग हलतं. मग आत्या हसली. मग लहानी. चौकीदाराने माठातलं गार पाणी आणून दिलं, आणि आत्याने सकाळपासूनचा उपास तिथेच गेटवर लाडू खाऊन सोडला. चौकीदारालाही एक दिला. मला हसू आलं, पण अर्ध्यातच थांबलं. आठ हजार रुपये. माझ्या हाताने दिलेले.

मी त्यांच्याकडे बघितलं. कोणी पैशाचं नाव काढलं नाही. त्या विसरल्या नव्हत्या. खालाने एकदाच माझ्याकडे बघितलं आणि लगेच शेळ्यांकडे बघायला लागली.

शिवणीच्या फाट्यावर हात दाखवला तर एस्टी थांबली. अर्धं तिकीट लागलं. आत्या कंडक्टरला म्हणाली, "तुमचंच बरं बाप्पा, बाईची किंमत त करता." त्याला काही समजलं नाही. मुर्तिजापूर गेलं, पुढे बडनेरा आलं. रस्ता काही दोरीसारखा नसतो. तो गावागावांत शिरतो, पुलाखाली थांबतो, चहाला थांबतो. दोन तासांच्या वर गेले. खिडकीजवळ बसून मी सारखा एकच विचार करत होते. त्यांनी मला चोर म्हटलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. त्या मला काहीच म्हणत नव्हत्या. आत्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, आणि तिच्या डोक्याचं ओझं मला त्या दिवशी फार जड लागलं.

विहिणीच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा पाळणा सजवून झाला होता, बायका जमल्या होत्या. विहीण पदर सावरत पायरीवर आली.

"आल्या का हो विहीणबाई! फोनवर त म्हणत होत्या, विमानानं येतो. आलं का विमान?"

मला वाटलं, आता आत्याचं कसं होणार. सगळ्या बायका ऐकत होत्या. आत्याने गाठोडं माझ्या हातात दिलं, साडी झटकली.

"आलो ना. इमानानंच आलो."

"कोनत्या?"

"लाल इमानानं. अर्ध्या तिकिटात. तुमचं पांढरं इमान बायांले अर्ध्या तिकिटात बसू देते का?"

अंगणात असा हशा झाला की पाळण्यातलं पोरगं दचकून रडायला लागलं. विहीण पण हसली. हसता हसता तिने आत्याचा हात धरला आणि घरात नेलं. मग आत्याने तिला सगळं सांगून टाकलं, फोन, चौकीदार, शेळ्या, काही लपवलं नाही. फक्त पैशाचं सांगितलं नाही. ते तिने माझ्यासाठी गाळलं.

दुपारी जेवणं झाल्यावर कोणीतरी ओरडलं, आलं, आलं. सगळ्या गच्चीवर धावल्या. बेलोऱ्याकडे मुंबईचं विमान उतरत होतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं, दोन्ही पंखांना फिरणारे पंखे होते. घराच्या एका बाजूने ते इतकं हळू गेलं की मला वाटलं, हे पडेल. नाही पडलं. झाडांच्या मागे गेलं आणि आवाज बंद झाला.

विहीण आत्याच्या शेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "खरं सांगू का विहीणबाई, मी बी अजून बसली नाई. माहं पोरगं म्हणते, उगाच मुंबईले जाऊन काय करशीन? तिथं आपलं कोन हाये?"

"मंग येवढं काहून सांगे वं?"

"दारावरून जाते ना. दुसरं काय सांगू?"

आत्या तिच्याजवळ सरकली. मग तिने पदराने विहिणीच्या गालाला लागलेलं कुंकू पुसलं. त्या दोघींमध्ये लग्नापासून जे काही होतं ते मला वाटतं तिथेच, गच्चीवर गेलं. आत्या येताना बसमध्ये गाणं म्हणत होती. मी मात्र नाक्यावरच्या दुकानाचं शटर उघडं असेल का, हाच विचार करत होते.

शटर उघडं होतं. तो म्हणाला, "काकू, मी बी फसलो. पैसे वरच्या एजंटकडे अडकले. आठ दिवसांत देतो." आठ दिवसांनी परत आठ दिवस. मग मी दुसऱ्या रस्त्याने यायला-जायला लागले. ज्याला द्यायचे तो आपला उजळ माथ्याने दुकानात बसलेला, आणि जिचे यायचे ती तोंड लपवून फिरणारी, असं ते झालं होतं.

घरात नवऱ्याला सांगितलं नाही. तो डाळ मिलमध्ये हमाली करतो, त्याचा हात लवकर उठतो, आणि भांडण झालं असतं तर पैसे राहिले असते बाजूला. खाला अजून पायाने मशीन चालवत होती. तिच्या गुडघ्याला त्रास होता, म्हणून तर मोटर घ्यायची होती. भिंतीपलीकडून खडखड ऐकू आली की मी भांडी जोरात घासायचे.

एक दिवस ती म्हणाली, "अगं बाई, कायले सुकून राहिली? पैसे गेले त गेले. आपन फिरून त आलो."

मला वाटलं होतं, तिने शिव्या दिल्या तर बरं. ती असं बोलली आणि मला त्या रात्री झोप आली नाही.

मग पुढच्या महिन्यात नाक्याजवळच्या मारुतीच्या देवळात महाप्रसाद निघाला. रोडगे करायचं काम आत्याकडे आलं. पहाटेपासून आम्ही गोवऱ्या रचल्या, कणीक तिंबली, दुपारी पंगत बसली. मी रोडग्यांची टोपली घेऊन वाढायला निघाले आणि मधल्या ओळीत तो बसलेला दिसला. दुकानदार. त्याच्या पानावर वांग्याची भाजी वाढून झाली होती.

आत्याने पण बघितलं. ती तूप वाढत होती. तिने कंबरेवर हात ठेवला, आणि मला कळलं की आता ती तोंड उघडणार. शंभर माणसांत ती त्याला सोलून काढणार. खरं सांगते, मला एका क्षणाला बरं वाटलं. आत्या बोलेल, काम होईल, मला बोलावं लागणार नाही.

पण मी तिचा दंड धरला.

"सोड वं," ती म्हणाली. "हाच दिवस हाये. गावासमोर विचारते त्याले."

"आत्या, पानावर बसला हाये तो."

"बसू दे ना!"

"पानावरच्या माणसाले बोलू नाई. माह्या मायनं सांगतलं होतं. त्याचा घास सुखानं पोटात गेला पाह्यजे."

आत्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू गोवरी बोलली. मी तिच्याशी एवढ्या जोरात कधी बोलले नव्हते. तिने तुपाची वाटी उचलली आणि पुढे गेली. त्याच्या पानाशी आली तेव्हा तिने तूप वाढलं, नेहमीपेक्षा जास्तच वाढलं, आणि म्हणाली, "जेव बाप्पा, पोटभर जेव. अंगात ताकत आली पाह्यजे." एवढंच. तो मान खाली घालून जेवला. मी त्याला रोडगा वाढला. त्याने "बस" म्हटलं, तरी मी आणखी एक वाढला. पंगतीत आग्रह करतात, तसाच केला, त्यात दुसरं काही नव्हतं.

पंगत उठली. लोक नळावर हात धुवायला गेले. मी पाण्याचा गडू घेऊन त्याच्या मागे गेले. मी त्याच्या हातावर पाणी घातलं. त्याने हात धुतले, तोंड पुसलं, आणि मला टाळायला जागा नव्हती, कारण नळ आणि भिंत यांच्यामध्ये तो उभा होता.

"भाऊ," मी म्हटलं, "ते पैसे माह्या एकटीचे नाईत. माहे असते त मी मागतले नसते."

पुढचं वाक्य मी घरून ठरवून आणलं नव्हतं. ते आपोआप आलं. "माह्यावर इश्वास ठेवून बायांनी दिले. तुमी नाई दिले त मले गल्लीत राहता येईन, पन मान वर करून राहता येनार नाई."

त्याने गडू माझ्या हातातून घेऊन खाली ठेवला. मग म्हणाला, "काकू, वरचा एजंट नव्हता कोनी."

मी काही बोलले नाही. मला बोलता येत नाही याचा तिथे पहिल्यांदा उपयोग झाला. कोणी गप्प राहिलं की समोरचा बोलतोच.

"दुकानाच्या जागेच्या मालकानं डिपॉझिट वाढवलं होतं," तो म्हणाला. "ते भरलं. वाटलं, विमान सुरू झालं त तिकीट काढून देईन. होनार, होनार म्हणतच होते सगळे. मी तुमाले फसवाले नव्हतं घेतलं, देवाशपथ."

त्याचं खरं होतं की नाही, मी सांगू शकत नाही. पण शिवणीचं विमान येणार अशी आशा आम्हीही धरली होती. त्याने ती जरा जास्त धरली, एवढाच काय तो फरक, असं मला त्या वेळी वाटलं.

"एकदम नाई जमत," तो म्हणाला.

"थोडे थोडे द्या. पन माह्या हातात नोको. खालाच्या ओट्यावर या, रविवारी. सगळ्या असतात. सगळ्यायसमोर द्या."

"तिथं आत्या असन?"

"असन."

त्याने हसल्यासारखं केलं. "मंग त द्याच लागन."

मी परत आले तेव्हा आत्या मोठं पातेलं घासत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने राख लावलेल्या हाताने माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. "तू बोलली?" ती म्हणाली. "तू?" आणि माझ्या हनुवटीला राख तशीच राहिली, घरी येईपर्यंत मला माहीत नव्हतं.

पहिल्या रविवारी तो आला. मला वाटत होतं, येणार नाही. ओट्यावर आम्ही चौघी बसलो होतो, मी वाटाणे सोलत होते आणि माझे सगळे दाणे खाली पडत होते. गल्लीच्या तोंडाशी तो दिसला तेव्हा आत्या म्हणाली, "पाहा वं, आपलं इमान उतरून राहिलं." तो लाजला. त्याने थोडे पैसे काढून ओट्यावर ठेवले. ते आम्ही खालाला दिले, कारण तिचा गुडघा थांबायला तयार नव्हता. तिने त्याला चहा दिला. नको नको म्हणत तो प्यायला.

मग असंच सुरू झालं. एखादा रविवार चुकायचा, तर सोमवारी यायचा. आत्या दर वेळी काहीतरी बोलायची, आणि तो दर वेळी ऐकून घ्यायचा. एकदा त्याने सांगितलं की बायका आता त्याच्या दुकानात तिकीट काढायला येताना आधी विचारतात, गाडी खरंच जाते का, नुसतं अंतर नको सांगू. एकदा त्याने लहानीच्या फोनची फुटलेली काच फुकट बदलून दिली, पण तिने ते पैशात धरू दिलं नाही. "ते अलग, हे अलग," ती म्हणाली. खालाच्या मशीनला मोटर बसली. आता भिंतीपलीकडून खडखडीऐवजी घूं असा आवाज येतो, आणि मी भांडी हळू घासते.

खालाचे झाले, लहानीचे झाले, मग आत्याचे झाले. आत्याने तिचे पैसे मोजले नाहीत, तसेच कमरेला खोचले. माझे शेवटी ठेवले होते, कारण मीच तसं म्हटलं होतं.

या रविवारी तो आला तेव्हा त्याच्याबरोबर त्याची बायको होती. पहिल्यांदाच आणली. ती पायरीखालीच उभी राहिली, माझ्यासारखीच, चप्पल काढू की नको करत. मी उठून तिला ओट्यावर घेतलं. त्याने खिशातून नोटा काढल्या आणि ओट्यावर न ठेवता माझ्या हातात दिल्या. आत्याने त्याच्या बायकोला शेजारी बसवलं. खालाने आत मशीन थांबवलं. मी नोटा लहानीकडे दिल्या, तिने सगळ्यांसमोर मोजल्या आणि म्हणाली, "बरोबर हायेत, जाऊबाई. झाले. सगळे फिटले."